शाफ्ट ड्राइव्हच्या फायनल ड्राइव्हमधून ऑइल गळतंय: सरळ सील बदलू की आधी आणखी काही तपासू?

प्रश्न: शाफ्ट_वाटसरू

गाडी १३०० सीसीची टुरिंग बाइक. शाफ्ट डाव्या बाजूला, मागचं चाक दोन्ही बाजूंनी धरलेलं, ॲक्सल फायनल ड्राइव्हच्या (शाफ्टची फिरकी चाकाला देणाऱ्या गिअरपेटीच्या) पोकळीतून आरपार जातो. रनिंग ५८,००० किमी.

मागच्या रिमवर डाव्या बाजूला, आतल्या अंगाने ऑइलचा पातळ थर येतोय. स्पोकच्या मुळाशी काळपट शिंतोडे दिसतात. फायनल ड्राइव्हच्या खालच्या कडेला एक थेंब लोंबत असतो, पण गाडी रात्रभर उभी ठेवली तर जमिनीवर काहीच पडत नाही. लांबचा रन मारला की ओल वाढते. शाफ्टवरचं रबरी बूटही खालून ओलसर लागतं. आवाज काही नाही, चाक हाताने फिरवलं तर मोकळं फिरतं. ऑइल दीड हजार किमीपूर्वी बदललेलं आहे, ग्रेड मॅन्युअलप्रमाणे.

विचारायचं असं की गळती चाकाच्या बाजूच्या मोठ्या सीलची आहे की पिनियनच्या (शाफ्टच्या बाजूच्या छोट्या गिअरच्या) सीलची, हे न उघडता कसं ओळखायचं? आणि मोठं सील घरी बदलता येतं का, की त्यासाठी शिम (जागा जुळवणाऱ्या पातळ चकत्या) वगैरे सगळं परत सेट करावं लागतं?

---

हायपॉइड

सील मागवण्याआधी दोन गोष्टींची खात्री करा: गळतंय ते नेमकं काय आहे, आणि ते निघतंय कुठून. शाफ्टच्या गाडीत मागच्या चाकापाशी किमान पाच वेगवेगळे द्रव पोचू शकतात, आणि वाऱ्याने सगळे एकाच जागी जमा होतात.

पांढऱ्या टिश्यूवर थेंब घ्या आणि वास घ्या. गिअर ऑइलला गंधकाचा उग्र वास असतो, एकदा घेतला की विसरत नाही. इंजिन ऑइलला तो नसतो. ब्रेक ऑइल पातळ असतं, पाण्याने धुतलं जातं आणि रंग फुगवतं. मागच्या कॅलिपरजवळ रंग उचललेला दिसला तर शाफ्टचा संबंध नाही. मागच्या शॉक ॲब्सॉर्बरचं ऑइल पातळ आणि जवळजवळ बिनवासाचं, शिवाय ते वरून खाली ओघळतं. आणि पाचवी गोष्ट सगळ्यात जास्त फसवते: स्प्लाइनला (चाक आणि ड्राइव्ह जोडणाऱ्या, एकमेकांत बसणाऱ्या दातांना) लावलेली मोलीची (मॉलिब्डेनमची) पेस्ट. चाक बसवताना ती जास्त भरली असेल तर गरम झाल्यावर त्यातलं तेल सुटतं आणि रिमवर शिंतोडे उडतात. बोटांत चोळलं तर राखाडी चमक राहते आणि डाग सहज निघत नाही. तुमचे शिंतोडे "काळपट" आहेत म्हणून हे आधी तपासा.

आता जागा. फायनल ड्राइव्ह, स्विंगआर्मचं मागचं टोक, बूट आणि रिम डिग्रीझरने पूर्ण स्वच्छ करा, ब्रश मारा, कोरडं पुसा. प्रेशर वॉशरचा झोत सीलवर आणि ब्रीदरवर (आतल्या हवेला बाहेर जायला ठेवलेल्या बारीक भोकावर) मारू नका, पाणी लिपच्या (सीलच्या शाफ्टला टेकणाऱ्या रबरी कडेच्या) आत जातं. कोरडं झाल्यावर सांध्यांवर टॅल्कम पावडर झटका. मग २० ते ३० किमी चालवा, ऑइल पूर्ण तापू द्या, आणि थांबल्याबरोबर टॉर्चने बघा. पावडरवर ओलीची रेघ जिथून सुरू होते ती जागा शोधायची. थेंब सगळ्यात खाली आणि मागे लोंबतो, उगम त्याच्या वर आणि पुढे असतो.

दिसेल ते साधारण असं वाचायचं:

हब आणि हाउसिंगच्या मधल्या गोल फटीतून किरणांसारखे शिंतोडे बाहेर गेलेत, म्हणजे मोठं सील. कव्हरच्या सांध्यावर बोल्टांच्या मधे ओल, म्हणजे गास्केट किंवा ओ-रिंग. ड्रेन प्लगभोवतीच ओल असेल तर वायसर जुना आहे; तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा वायसर एकदाच वापरायचा असतो. ब्रीदरच्या टोपीखाली ओघळ असेल तर आत दाब होतोय किंवा ऑइल जास्त आहे.

बूट ओलं असेल तर दोनच शक्यता: पिनियनचं सील मागून गळतंय किंवा गिअरबॉक्सच्या आउटपुटचं सील पुढून गळून ऑइल शाफ्टच्या नळीतून मागे येतंय. फरक लेव्हलने कळतो. फायनल ड्राइव्हची लेव्हल उतरत असेल तर पिनियन, इंजिन-गिअरबॉक्सची उतरत असेल तर आउटपुट. दोन्ही स्थिर असतील आणि बुटात राखाडी पातळ चिखल असेल, तर ती जॉइंटची पेस्ट आहे, गळती नाही.

ऑइल आता काढाच, आणि मोजून काढा. प्लगच्या चुंबकावर काय आहे ते बोटांत चोळून बघा. मऊ राखाडी लोण्यासारखी पेस्ट चालते. चमकणारे पापुद्रे, सुईसारखे कण, किंवा बोटाला टोचणारं काहीही असेल तर सीलचा विषय बाजूला ठेवा, बेअरिंग किंवा गिअर जातोय. ऑइल दुधाळ असेल तर पाणी शिरलंय.

---

मोकळा_श्वास

वरच्या उत्तरात ब्रीदर एका ओळीत आलाय, पण "उभी असताना काही पडत नाही, लांब रनला वाढतं" हे लक्षण वाचून माझा पहिला संशय तिथेच जातो.

हिशेब करून बघा. फायनल ड्राइव्हमधली हवा २५ अंशांवरून ८५ अंशांवर गेली आणि बाहेर जायला वाट नसेल, तर दाब साधारण २० टक्क्यांनी वाढतो, म्हणजे ०.२ बार. त्यात ऑइल स्वतः फुगतं, ६० अंशांच्या फरकाला जवळपास ४ टक्के; २०० मिलीमागे ८ मिली. ऑइल जास्त भरलेलं असेल तर वर हवेची जागाच कमी उरते, त्यामुळे तेवढ्याच फुगवट्याने दाब आणखी चढतो. साध्या लिपचं सील दाब धरण्यासाठी बनवलेलंच नसतं, ते तेल अडवण्यासाठी असतं. दाबाने लिप शाफ्टवर जास्त घट्ट बसते, जास्त तापते, कडक होते आणि मग थंड असतानाही पाझरायला लागते. ब्रीदर साफ न करता नवं सील टाकलं तर तेही त्याच वाटेने जाईल.

उलटंही होतं. तापलेली फायनल ड्राइव्ह पाण्यात बुडाली की आतली हवा आकसते, ब्रीदर बंद असेल तर सीलच्या लिपखालून पाणी आत ओढलं जातं.

ब्रीदरची टोपी काढा, भोकातून बारीक तार हलक्या हाताने घाला, तोंडाने फुंकून बघा. कॉम्प्रेसरची हवा आत मारू नका, आतल्या सीलवरच ताण येतो आणि मातीही आत जाते.

लेव्हलबद्दल एक. "भोकापर्यंत भरा" हा नियम सगळ्या गाड्यांना लागू नाही. यामाहा एफजेआर १३०० ला २०० मिली लागतं. बीएमडब्ल्यूच्या हवा-तेलाने थंड होणाऱ्या आर १२०० जीएसला बदलताना १८० मिली मोजून घालायचं असतं, तिथे भोकाच्या काठापर्यंत भरत बसलं तर जास्त होतं. मोजपात्र किंवा मोठी सिरिंज वापरा, अंदाज नको.

---

शाफ्ट_वाटसरू

दोघांचेही आभार. सगळं केलं, निष्कर्ष देतो.

वास गिअर ऑइलचाच. पावडरवर रेघ हब आणि हाउसिंगच्या फटीतून निघते, खालच्या अर्ध्या भागात जास्त. कव्हरचा सांधा कोरडा, प्लग कोरडा. बुटाचा क्लॅम्प सोडून आत बघितलं, राखाडी चिकट पेस्ट आहे, वास नाही. इंजिनची लेव्हल स्थिर आहे.

ब्रीदर मातीने पूर्ण बंद होता. ऑइल २२५ मिली निघालं, मॅन्युअलमध्ये २०० आहे. रंग मधासारखा, दुधाळ नाही. चुंबकावर मऊ पेस्ट, टोचणारं काही नाही.

चाक घड्याळातल्या १२-६ आणि ९-३ च्या जागी धरून हलवलं, प्ले (ढिलेपणा) जाणवत नाही.

आता ब्रीदर साफ करून २०० मिली भरून बघू, की सील बदलूनच टाकू?

---

हायपॉइड

छान तपासलंत. माझं मत: आधी ब्रीदर आणि लेव्हल नीट करून ३००-४०० किमी चालवा, फटीची जागा रोज पुसून बघा. लिप अजून लवचिक असेल तर दाब गेल्यावर पाझर थांबू शकतो.

---

मधली_पिन

इथे थोडा मतभेद. ओल थांबली का हे बघण्यासाठी दोन-तीन दिवस चालवायला हरकत नाही, पण ती ओल कुठे जाते हे लक्षात घ्या. या मांडणीत मोठं सील मागच्या टायरच्या शेजारी असतं. रिमवरचा थर केंद्रापासून बाहेर सरकतो आणि टायरच्या कडेपर्यंत पोचतो. वळणावर झुकल्यावर नेमकी तीच कड रस्त्याला टेकते. रिमच्या काठावर किंवा टायरच्या भिंतीवर ओल दिसली तर गाडी उभी करा, चाचणी संपली. ज्या गाड्यांत मागची डिस्क फायनल ड्राइव्हच्याच बाजूला आहे तिथे तर एक थेंबही चालवून घेऊ नये. ऑइल प्यालेले पॅड ब्रेक क्लीनरने धुऊन परत बसवू नका, वरून कोरडे दिसतात आणि तापल्यावर आतलं ऑइल पुन्हा वर येतं. पॅड नवे घ्या, डिस्क धुवा.

५८,००० किमी झालेत आणि चाक काढावंच लागणार आहे, तर मी सील बदलेन. ब्रीदर तर साफ झालेलाच आहे.

प्ले तपासताना एक बारकावा. चाक हलवताना एक बोट हब आणि हाउसिंगच्या फटीवर ठेवा, म्हणजे अर्धं बोट फिरत्या भागावर, अर्धं स्थिर भागावर. दोन भागांत एकमेकांच्या तुलनेत बारीकशी टिचकी जाणवली तर क्राउन व्हीलचं (म्हणजे मोठ्या रिंग गिअरचं) बेअरिंग. संपूर्ण फायनल ड्राइव्हच स्विंगआर्मच्या तुलनेत हलत असेल तर पिव्हटचं बेअरिंग किंवा बोल्ट. हे तापलेल्या अवस्थेत पुन्हा एकदा करा, कारण ॲल्युमिनियमचं हाउसिंग स्टीलच्या बेअरिंगपेक्षा जास्त फुगतं आणि थंडीत लपलेला प्ले तेव्हा दिसतो. बेअरिंगला प्ले असताना नवं सील टिकत नाही; हब डगमगतो, लिप एका बाजूला दाबली जाते आणि दुसऱ्या बाजूला उघडते.

---

लिप_आणि_स्प्रिंग

सील बदलायचं ठरलं तर पद्धत देतो. आधी मॅन्युअलमधलं फोडलेलं (सुटे भाग वेगवेगळे दाखवणारं) चित्र बघा आणि एकच गोष्ट शोधा: मोठं सील बाहेरून निघतं, की रिंग गिअरसकट कव्हर उघडावं लागतं. बाहेरून निघत असेल तर शिमला हातही लागत नाही आणि काम एका दुपारचं आहे. कव्हर उघडावं लागलं तर काय, ते शेवटी लिहितो.

गाडी डबल स्टँडवर, सपाट जागी. ऑइल काढा. ॲक्सल काढा, चाक उजवीकडे सरकवून स्प्लाइनमधून मोकळं करा, स्पेसर कुठला कुठे होता त्याचा फोटो घ्या. फायनल ड्राइव्ह गाडीवर असताना सील काढता येतं, पण मी ती उतरवून बाकावर आडवी ठेवायला सांगेन, तोंड वर करून. चार नट आहेत, आणि बाकावर सील सरळ बसतं. शाफ्टची स्प्लाइन तेव्हाच तपासून नव्या मोली पेस्टचा पातळ थर द्या. दात झाकले जातील इतकाच, ढीग नको. जास्तीची पेस्ट बुटात जाते आणि पुढच्या वेळी पुन्हा गळतीचा भास होतो.

जुनं सील काढण्याआधी व्हर्नियरच्या खोलीच्या काडीने ते हाउसिंगच्या काठापासून किती आत आहे ते चार ठिकाणी मोजून लिहून ठेवा. सीलच्या तोंडावर छापलेले आकडेही लिहा: आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी, याच क्रमाने. लिपच्या आतल्या बाजूला तिरप्या रेघा आहेत का तेही बघा. काही सीलवर त्या असतात आणि तोंडावर फिरण्याच्या दिशेचा बाण असतो. त्या रेघा फिरताना ऑइल परत आत ढकलतात. उलट्या दिशेचं सील, मापाने अगदी बरोबर असलं तरी, ऑइल बाहेर पंप करतं. बाजारात मापावरून सील घेताना इथेच फसगत होते.

काढायचं असं. सीलच्या धातूच्या तोंडात, समोरासमोर, ३ मिमीची दोन भोकं. ड्रिल बिटला टोकापासून ४-५ मिमीवर टेप गुंडाळा म्हणजे जास्त आत जाणार नाही. मागे बेअरिंग आहे. बिटला ग्रीस लावा, कीस त्यात चिकटतो. मग दोन पत्र्याचे स्क्रू अर्धे पिळा आणि पक्कडीने आळीपाळीने ओढा. स्क्रू ड्रायव्हर खुपसून उचकटू नका. हाउसिंगच्या भोकावर एक आडवा ओरखडा पडला की सीलच्या बाहेरच्या अंगाने गळायला लागतं, आणि लोक लिपला दोष देत बसतात.

सील निघालं की हबचा तो भाग बघा जिथे लिप फिरते. चकचकीत रेघ असणारच. नख आडवं फिरवा. नख अडकत नसेल तर ४०० नंबरचा एमरी पेपर ऑइलमध्ये भिजवून, शाफ्टभोवती गोल गोल फिरवून हलका हात मारा. पुढे-मागे घासू नका, लांबीच्या दिशेचे ओरखडे लिपखालून ऑइल बाहेर नेतात.

नख अडकत असेल तर दोन उपाय. हाउसिंगमध्ये जागा असेल तर नवं सील मूळ जागेपेक्षा १ मिमी इकडे किंवा तिकडे बसवा, म्हणजे लिप ताज्या पृष्ठभागावर फिरेल. मागे बेअरिंगला किंवा ऑइलच्या वाटेला टेकत नाही ना, हे आधी बघा. खाच खोल असेल तर पातळ स्टेनलेसची दुरुस्ती स्लीव्ह मिळते. एसकेएफची स्पीडी स्लीव्ह सुमारे ०.२८ मिमी जाडीची असते, त्यामुळे मूळ मापाचंच सील चालतं. व्यास मोजून मागवा, अंदाजाने नाही.

बसवताना: भोक आणि हब आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. ब्रेक क्लीनरचा फवारा मारू नका, तो बेअरिंगमध्ये जातो. स्प्लाइनच्या धारांवर पातळ प्लॅस्टिक किंवा टेप गुंडाळा, त्यावरून सील सरकवताना लिप कापली जाणार नाही. मूळ रबराच्या सीलला लिपवर तेच गिअर ऑइल लावा, आणि धुळीची दुसरी लिप असेल तर दोन लिपच्या मधे थोडं ग्रीस. पांढऱ्या किंवा गडद टेफ्लॉनच्या लिपचं सील असेल तर मात्र कोरडंच बसवायचं, त्याला ऑइल चालत नाही. स्प्रिंगची बाजू नेहमी ऑइलकडे.

ठोकण्यासाठी सीलच्या बाहेरच्या व्यासाहून एक-दोन मिमी लहान पाइपचा सपाट कापलेला तुकडा घ्या, किंवा जुनं सील उलटं ठेवून त्यावर लाकडाचा ठोकळा. आधी अंगठ्यांनी चारी बाजूंनी समान दाबा, मग हलके ठोके. आवाज बदलतो तिथे थांबा. आधी लिहून ठेवलेली खोली चारही ठिकाणी परत मोजा. आकडे सारखे आले पाहिजेत. एका बाजूला अर्धा मिमी जास्त गेलं तर लिप तिरकी फिरते आणि हजार किमीत पुन्हा ओल येते.

सिलिकॉन सीलच्या बाहेरच्या अंगाला लावायची गरज नसते. रबराचं अंग असेल तर नाहीच नाही.

आता कव्हर उघडावं लागलं तर. कव्हरमागे शिम असतात, त्या रिंग गिअरची जागा आणि बेअरिंगचा ताण ठरवतात. सील बदलताना तीच शिम, त्याच क्रमाने, त्याच जागी परत गेली तर सेटिंग बदलत नाही. बेअरिंग, रिंग गिअर, पिनियन किंवा हाउसिंग यांपैकी एक जरी नवं बसलं तर मात्र डायल गेजने बॅकलॅश (दातांमधली मोकळीक) मोजून शिम ठरवावी लागते. कव्हरचे बोल्ट थोडे थोडे, आळीपाळीने सोडा. कव्हर अडलं तर त्यासाठी ठेवलेल्या आट्यांच्या भोकांत बोल्ट पिळून समान उचला. सांध्यात पटाशी घालू नका.

---

मधली_पिन

कव्हरच्या सांध्याबद्दल एक भर. कागदी गास्केट असलेल्या डिझाइनमध्ये गास्केटची जाडी हा शिमच्या हिशेबाचाच भाग असतो. गास्केट काढून तिथे नुसतं सिलिकॉन लावलं की कव्हर काही दशांश मिमीने आत बसतं, बेअरिंगवरचा ताण वाढतो, हाउसिंग तापतं. उलट ओ-रिंगच्या डिझाइनमध्ये सांधा धातूला धातू टेकतो; तिथे सिलिकॉनचा जाड थर लावला तर ताण कमी होतो आणि प्ले येतो. कंपनीने जे दिलंय तेच, त्याच जाडीचं.

पिनियनच्या सीलकडे वळण्याचा मोह इथे टाळा. तुमच्या बुटात पेस्टच आहे. पिनियनचं सील बदलायचं म्हणजे मोठ्या टॉर्कचा नट सोडायचा, तो बहुधा लॉकिंगच्या द्रवाने चिकटवलेला, त्याच्यामागे आट्यांची रिंग. ती सोडायला हाउसिंग १०० अंशांच्या वर तापवावं लागतं आणि पिनांचा खास पाना लागतो. काही गाड्यांत त्या रिंगचे आटे उलटे असतात. न बघता जोर लावला की ॲल्युमिनियमचे आटे सोलून निघतात. खरोखर गळत असेल तेव्हाच हे काम काढावं, आणि ते साधनं असलेल्या माणसाकडून.

---

नवशिक्या_शाफ्ट

मधेच विचारतो. गळती थांबवणारं जे रसायन ऑइलमध्ये घालायला मिळतं, ते अशा बारीक पाझराला चालणार नाही का? सगळं उघडण्यापेक्षा सोपं पडेल.

---

हायपॉइड

फायनल ड्राइव्हमध्ये घालू नका. ती रसायनं रबर फुगवून मऊ करतात. कडक झालेली लिप काही दिवस घट्ट बसते, मग मऊ रबर लवकर झिजतं. आणि इथे एकूण ऑइलच २०० मिली आहे. त्यात ३०-४० मिली दुसरं काही घातलं की हायपॉइड दातांमधली फिल्म धरणारे घटक तेवढे पातळ होतात. या गिअरचे दात एकमेकांवर नुसते लोळत नाहीत, घसरतातही. त्या घसरण्याला सांभाळणारं जे ऑइल आहे ते शुद्धच राहू द्या. जाड ऑइल टाकून गळती कमी करण्याचा प्रयत्नही त्याच कारणाने चुकीचा, शिवाय सुरुवातीला थंड जाड ऑइल बेअरिंगपर्यंत उशिरा पोचतं.

---

शाफ्ट_वाटसरू

चित्र बघितलं, माझ्या गाडीत मोठं सील बाहेरून निघतं. सील आणि ड्रेन-फिलरचे वायसर मागवतोय. भरताना आणि नंतर तपासताना काही विशेष?

---

लिप_आणि_स्प्रिंग

चाक बसवताना घाई करू नका. चाकाचं वजन स्प्लाइनवर टेकवून हबला वर-खाली ढकललं तर नव्या सीलची लिप पहिल्याच मिनिटाला दुमडते. टायरखाली लाकडी पट्टी सरकवून चाक बरोबर उंचीवर आणा आणि सरळ आत सरकवा. फायनल ड्राइव्हचे चार नट आधी फक्त हाताने लावा, ॲक्सल घालून पूर्ण घट्ट करा, आणि मगच चार नटांना मॅन्युअलमधला टॉर्क द्या. क्रम उलटा झाला तर हाउसिंग किंचित तिरपं आवळलं जातं आणि स्प्लाइन व सील दोन्ही एका बाजूने घासतात. हा क्रम तुमच्या मॅन्युअलमध्ये वेगळा असेल तर तोच पाळा.

ड्रेन प्लग टॉर्क रेंचनेच. एफजेआरसारख्या गाड्यांत तो २३ न्यूटन-मीटर आहे, म्हणजे हाताला वाटतो त्याच्यापेक्षा बराच कमी. ॲल्युमिनियममधले आटे जास्त आवळल्यानेच जातात.

ऑइल सिरिंजने २०० मिली. पहिले ५०-६० किमी सावकाश चालवा. थांबल्यावर हाउसिंगवर तळहात ठेवा: गरम लागलं पाहिजे, हात क्षणात मागे घ्यावा लागेल इतकं नाही. तितकं तापलं तर चाक काढून सील तिरकं बसलंय का बघा.

पहिल्या रननंतर लिपवर ऑइलची नुसती ओलसर झाक येते, कारण बसवताना लावलेलं ऑइल बाहेर येतं. ती पुसा. दुसऱ्या-तिसऱ्या रननंतरही पुन्हा आली तर खोलीचे चार आकडे परत मोजा. ५०० किमीला लेव्हल बघा, आणि ब्रीदरची टोपी दर ऑइल बदलाला काढून साफ करा, पावसात किंवा चिखलात चालवलं असेल तर त्याच आठवड्यात.

---

मोकळा_श्वास

काढलेलं जुनं सील लगेच टाकू नका. लिप उलटी करून बघा. लिप बोटाने वाकवल्यावर चिरा पडत असतील किंवा ती काचेसारखी कडक आणि चकचकीत झाली असेल तर ती उष्णता आणि दाबाने गेलीय, म्हणजे ब्रीदरचं निदान बरोबर. लिप मऊ आहे पण एकाच बाजूला झिजलीय, तर हब केंद्रात फिरत नाही, बेअरिंग पुन्हा तपासा. लिप चारही बाजूंनी ठीक आहे आणि फक्त एका जागी चीर आहे, तर ती मागच्या वेळी बसवताना स्प्लाइनने कापलीय. आणि स्प्रिंग जागेवर आहे का तेही बघा. ठोकताना ती खोबणीतून उडाली असेल तर सील आतून रिकामंच असतं. फोटो टाका, त्यावरून बरंच सांगता येईल.